रविवारी शाळेच्या दुरुस्तीला जायचंय

सभासद मित्रमैत्रिणींनो,

तापीकाठच्या त्या जिल्हा परिषद शाळेत येत्या रविवारी जायचं आहे. निघणं सकाळी साडेसहाला, ऑफिसच्या फाटकापासून. शाळा 15 जूनला उघडते, त्याआधी हाच एक रविवार उरलाय. शाळा व्यवस्थापन समितीनं परवानगी दिली आहे.

वादळात तिसरीच्या वर्गाचे पत्रे उचकटले आहेत. जे-हुक, वॉशर आणून ठेवलेत. वर चढायचं ते फक्त सवय असलेल्यांनी आणि दहाच्या आत. नंतर पत्र्याला हात लावता येत नाही, खानदेशातलं ऊन आपल्याला ठाऊक आहे.

तितकंच निकडीचं काम मुलींच्या स्वच्छतागृहाचं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ते वेगळं हवं, आणि इथं आहेही. पण दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, म्हणून मोठ्या मुली दुपारीच घरी निघून जातात. पाहणीच्या दिवशी हे ऐकलं आणि मनाला फार लागलं. कडी, नळ आणि टाकी धुणं झाल्याशिवाय परतायचं नाही. भिंतींचा रंग वेळ उरला तर. फळे मात्र काळे करूच.

खराटा, घमेलं, हातमोजे घरून आणा. शिधा आपला, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा गावातल्या बाया करून देणार आहेत.

वायरिंग जाणणारं अजून कुणी मिळालेलं नाही. कुणाच्या ओळखीत असेल तर शुक्रवारपर्यंत नक्की कळवा.