हा उभा कशावर आहे?

ताई,

'नाव छापू नकोस' असं तुम्ही निक्षून सांगितलंत, म्हणून नुसतं ताई. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. मनाने जग रचणारे माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत आणि तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

अथांगींच्या कादंबरीचं बाड तुमच्या हातात दिलं तेव्हा 12 प्रकरणं लिहून झाली होती. पाण्याखाली जन्मणारी, कल्ल्यांनी श्वास घेणारी लढवय्यी जमात. तिची घराणी, वैरं, शपथा, सगळं तपशिलात. आता भाषेवरून एक हात फिरवला की झालं, अशा समजुतीत मी होते. तुम्ही डायव्हिंग शिकवता, म्हणून पाण्याच्या वर्णनात काही चुकलंय का, एवढंच बघायला सांगितलं होतं. पंधरा दिवसांनी बाड परत आलं. पहिल्याच लढाईत 'सेनापती पाय रोवून उभा राहिला' असं वाक्य होतं. त्याखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात चार शब्द: हा उभा कशावर आहे?

त्या रात्री मी सगळी प्रकरणं पुन्हा वाचली, फक्त हा प्रश्न मनात धरून. लढाईची आपली अख्खी भाषा जमिनीवर उभी आहे. पाय रोवणे, मैदान मारणे, धूळ चारणे, पाठ दाखवणे, धारातीर्थी पडणे. पाण्यात कोणी पडतच नाही. मेलेला तिथेच तरंगत राहतो, नाहीतर सावकाश खाली जातो. 'रणभूमी' या शब्दात भूमी बसलेली आहे, हे इतकी वर्षं मराठी लिहून मला दिसलं नव्हतं. मी जमिनीवरचे योद्धे उचलून पाण्यात बुडवले होते, इतकंच.

तुम्ही तेव्हा उत्तर सांगितलं असतं तर मी ते टिपून घेऊन पुढे गेले असते. तुम्ही मला पोहण्याच्या तलावात नेलंत. मास्क, सिलिंडर, कमरेला वजनाचा पट्टा. तळही नाही आणि पृष्ठभागही नाही, अशा अधल्यामधल्या जागी मला तरंगत ठेवलंत आणि हातात एक लाकडी दांडकं दिलंत. मी ते तलवारीसारखं फिरवलं. दांडकं अर्ध्यातच अडलं आणि उलट्या दिशेने मीच फिरले. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट असतं आणि वेग दुप्पट केला की त्याचा विरोध चौपट होतो, हे मी वाचलेलं होतं. मनगटाला ते त्या दिवशी कळलं. मग भाल्यासारखं खुपसून पाहिलं. टोक तुमच्या खांद्याला लागलं खरं, पण मीच मागे ढकलले गेले आणि तुम्हाला जेमतेम धक्का बसला. तेव्हा तुम्ही माझी डावी मूठ तुमच्या जॅकेटच्या पट्ट्यावर आवळून धरलीत आणि खूण केलीत, आता मार. या वेळी ठोसा पुरा बसला. मला मागे जायला वावच नव्हता, आपण दोघी एकमेकींना बांधलेल्या होतो.

बाहेर आल्यावर केस पिळत तुम्ही म्हणालात, "धरल्याशिवाय मारता येत नाही बघ."

अथांगींची सगळी रीतभात या एका वाक्यातून उगवली. त्यांच्यात उजव्या-डाव्याला तशी नावंच नाहीत. एक धरता हात, एक मारता हात. मान धरत्या हाताला. लग्न लावताना आणि तह करताना तोच पुढे करायचा. दुरून कोणाला मारणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे अनोळखी शत्रू ही कल्पनाच त्यांच्यात नाही. ज्याला मारायचं त्याला कवेत घ्यावं लागतं, त्याचे कल्ले थांबताना स्वतःच्या छातीवर जाणवतात. म्हणून मारणाऱ्यानेच ते प्रेत तळापर्यंत पोचवायचं आणि तोवर दुसऱ्या लढाईत उतरायचं नाही. देवमाशाचं धूड खोल तळाशी पोचलं की त्यावर कित्येक दशकं जिवांची वस्ती चालते. अथांगी आपले मृत अशाच धुडांजवळ नेऊन ठेवतात. माझ्या जुन्या मसुद्यात एका प्रकरणात दोनशे माणसं मरायची. आता सबंध पुस्तकात नऊ मरतात आणि त्या नवांचीही नावं वाचकाला माहीत असतात.

शस्त्रांचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. विस्तव नाही, म्हणजे लोखंड नाही. शिंपल्याच्या आतला चकाकता थर, हाडं आणि शार्कचे दात. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी बेटांवरचे योद्धे शार्कच्या दातांची हत्यारं वापरत आणि काटेरी पॉर्क्युपाइन माशाच्या कातडीचं शिरस्त्राण घालत, हे तुम्हीच दाखवलंत. ढाली मी काढूनच टाकल्या, पाण्यात ढाल म्हणजे हातात शीड धरण्यासारखं. घराण्यांमधल्या द्वंद्वांची रीत मात्र मॅन्टिस श्रिंप या कोळंबीसारख्या, ठोसे मारणाऱ्या जिवाकडून घेतली. ते बिळासाठी भांडताना शेपटीचं चिलखती टोक पुढे करून एकमेकांचे ठोसे त्यावर झेलतात आणि बहुतेक वेळा कोणाचा जीव न जाता निकाल लागतो.

तुमची दुसरी रेघ लाल निशाणाखाली होती. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंगच विरतो. 20 मीटरवर रक्तसुद्धा हिरवट काळं दिसतं. निशाणं गेली, त्यांच्या जागी आवाज आले. आणि आवाजाचं तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी महिनाभर अडले होते. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगाने. तो दोन्ही कानांवर जवळपास एकदमच येतो आणि कुठून आला ते आपल्याला कळत नाही. म्हणजे इशारा सगळ्यांना ऐकू येणार, पण हाक मारणारा कुठे आहे हे कोणालाच समजणार नाही. शेवटी स्पर्म व्हेल या देवमाशांच्या टकटकीकडे वळले. त्यांच्या कुळाकुळाच्या ठेक्यांच्या वेगळ्या धाटण्या असतात. तसं आधी कुळाचा ठेका, मग जागेचा, मग निरोप. युद्धाच्या प्रसंगांना आता जी लय आली आहे ती या अडचणीतून आलेली आहे.

व्यूहही त्याच देवमाशांचा. हल्ला झाला की ते पिल्लांना मधे घेऊन, डोकी आत आणि शेपट्या बाहेर, असं कडं करतात. माझ्या अथांगींनी त्या कड्याचा गोळा केला, कारण त्यांना खालूनही भीती आहे. खरं तर खालूनच जास्त. वरून येणारा उजेडात दिसतो, खालचा अंधारातून येतो. त्यामुळे 'मी तुझ्या पाठीशी आहे' हे वाक्य त्यांच्या भाषेत नाही. ते म्हणतात, 'मी तुझ्या खाली आहे.' हे वाक्य सुचलं तेव्हा मी तुम्हाला अवेळी फोन केला होता आणि तुम्ही ते दोनदा म्हणायला लावलंत.

एका ठिकाणी मी तुमचं ऐकलेलं नाही. 200 मीटरच्या खूप खाली नायिकेला शत्रूचा चेहरा दिसतो. तिथे एवढा उजेड पोचणार नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. बरोबर आहे. पण धरून मारायचं तर चेहरा दिसायलाच हवा, तो प्रसंग अंधारात ठेवणं म्हणजे तिला सूट देणं झालं असतं. म्हणून कपाळात जपलेले चमकणारे जिवाणू दिले, अँग्लर माशाच्या डोक्यावर लोंबणाऱ्या गळाच्या टोकाशी असतात तसे.

आणि सातव्या प्रकरणाच्या समासातला प्रश्न: यांची म्हातारी माणसं कुठे असतात? लढवय्यांच्या गोष्टीत मी म्हातारपण लिहिलंच नव्हतं. तुम्ही कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांबद्दल सांगितलंत, नुसत्या दमावर बुडी मारणाऱ्या, 2016 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलेल्या. तिथे उथळ पाण्याचा एक भाग वय झालेल्या बायकांसाठी राखून ठेवतात, त्याला आजीचा समुद्र म्हणतात. आणि ओर्कांमध्ये, म्हणजे किलर व्हेलमध्ये, माशांचा दुष्काळ पडला की, प्रजननाचं वय उलटलेल्या माद्याच कळपाच्या पुढे पोहतात. हे दोन्ही ऐकल्यापासून तेरावं प्रकरण हळूहळू जमत आलंय. त्यात एक म्हातारी आहे. तिचा मारता हात आता उठत नाही, धरता हात शाबूत आहे, आणि उथळ पाण्यातल्या तिच्या जागेवरून तिला उठायला लावणारा निरोप नुकताच आलाय. ती जाते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रकरण सोबत पाठवतेय, समास रुंद सोडलाय.

तुमची,
अथांगींची लेखिका