नळी चुकीच्या जागी बसूच नये

महोदय,

रोबोच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कौतुक व्हायलाच हवे. पण ऑपरेशन थिएटर आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नोकरी झालेल्या माझ्यासारखीला काळजी वाटते ती सिरिंजच्या नोझलची, म्हणजे सुई किंवा नळी जोडायच्या टोकाची.

पॅरिसच्या ल्युअर यांच्या काचेच्या सिरिंजबरोबर एकोणिसाव्या शतकात आलेली ही निमुळती जोडणी आजही चालते, आणि चालते म्हणजे कशालाही चालते. सलाईनच्या नळीवरचा थ्री-वे कॉक, मणक्यातून भूल द्यायची स्पायनलची सुई, त्यासाठीच पाठीत घालायची बारीक नळी म्हणजे इपिड्युरलचा कॅथेटर, तान्ह्या बाळाची दुधाची नळी, सगळ्यांना तीच. एका रात्रपाळीत नवीन सिस्टर आईच्या दुधाने भरलेली दहा सीसीची सिरिंज बाळाच्या पायातल्या कॅन्युलाला, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीला, लावायच्या बेतात होती. बाळांना ऊब देणाऱ्या शेजारच्या वॉर्मरवरून माझे लक्ष गेले म्हणून निभावले. पोरगी निष्काळजी मुळीच नव्हती. रात्री एका सिस्टरच्या वाट्याला किती बाळे येतात हे ज्याने पाहिले आहे, तो तिला बोल लावणार नाही. आमचा उपाय काय, तर दुधाच्या नळीला मायक्रोपोरची चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने ‘फीड’. थोडे दूध सांडले की अक्षरे गायब.

आता भुलीच्या यंत्राकडे बघा. या बॉईल्स मशीनवर ऑक्सिजनच्या काळ्या, पांढऱ्या खांद्याच्या सिलिंडरच्या जागी भुलीच्या नायट्रस ऑक्साइड वायूचा निळा सिलिंडर बसतच नाही. योकवरच्या, म्हणजे सिलिंडर अडकवायच्या चौकटीवरच्या, पिना ऑक्सिजनसाठी २ आणि ५ क्रमांकाच्या जागी असतात, नायट्रससाठी ३ आणि ५. लाइट गेलेली असो, वॉर्डबॉय मामा नवीन असो, पिना कुणाचे ऐकत नाहीत. (काही बहाद्दर गळती थांबवायला दोन-दोन वॉशर घालतात, मग पिना भोकात नीट जातच नाहीत आणि सगळी युक्ती फुकट. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल.)

नळ्यांसाठीही हे शोधून झाले आहे. आयएसओ ८०३६९ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत अन्न द्यायच्या नळ्यांसाठी ‘एनफिट’ आणि मणक्यातल्या इंजेक्शनांसाठी ‘एनआरफिट’ जोडण्यांची मानके २०१६ मध्ये आली. या जोडण्या जुन्या ल्युअर जोडणीत बसत नाहीत. शिरेतून द्यायचे कॅन्सरवरचे औषध व्हिन्क्रिस्टिन चुकून मणक्यात गेले तर रुग्ण बहुधा दगावतो. असे मृत्यू प्रगत देशांतल्या नावाजलेल्या रुग्णालयांतही झाले आहेत, तेव्हा ‘आमच्याकडे होत नाही’ हे कुणी सांगू नये.

अडचणी मला ठाऊक आहेत. माल महाग पडतो. आणि अर्धवट बदल तर जास्त घातक: सुई नवी आली, सिरिंज जुनीच राहिली, तर सिझेरियनच्या पेशंटला टेबलावर घेतल्यावर जुळणारी सिरिंज शोधत पळावे लागेल. म्हणून एका विभागातला सगळा संच एकाच दिवशी बदलायला हवा.

आयआयटी मुंबईचे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र ‘बेटिक’, नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी ही इंजिनिअरिंगची कॉलेजे, इथे इंजिनिअर आणि डॉक्टर एकत्र बसून उपकरणे घडवतात. त्यांनी स्वस्त देशी जोडण्यांचे काम हाती घ्यावे, आणि बसताना एखादी सिस्टरही सोबत घ्यावी. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम देशात २०१५ पासून आहे, तिथे परिचारिकाही कळवू शकतात. पण ‘थोडक्यात वाचले’ असे प्रसंग आमच्यातले कोण कळवणार? कळवले की आधी मेमो हातात पडतो.

राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने निदान नवजात विभागाच्या टेंडरमध्ये एक ओळ घालावी: दुधाची नळी आणि तिची सिरिंज शिरेच्या जोडणीत बसता कामा नये. सर्वांत कमी बोली कुणाची, हे त्यानंतर बघावे.

– एक निवृत्त सिस्टर, मिरज