विम्याची जुनी फाइल रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने अंबरनाथचा रंगांचा कारखाना विकला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या काकांनी, तो १९६८ साली काढला होता. मी पोचले तेव्हा रद्दीवाला काटा लावून बसला होता आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे टेंपोत चढत होते. एका गठ्ठ्यावर काकांच्या अक्षरात लाल शाईने लिहिले होते : ‘विमा, ७२ ते ८५’. तो मी ओढून घेतला. भाऊ हसला, म्हणाला, “ताई, ह्याचं काय लोणचं घालणार?”

लोणचे नाही, पण अशाच एका गठ्ठ्यावर लाखो डॉलरचे काम झालेले मी पाहिले आहे. सव्वीस वर्षे मी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात भूजल तपासणीची नोकरी केली. तिथल्या एका लहान गावात नवरा-बायकोने १९५८ पासून ड्रायक्लीनिंगचे दुकान चालवले. नवरा गेला, बाई ऐंशीच्या पुढच्या. दुकान विकायला काढले तेव्हा खरेदीदाराच्या बँकेने माती तपासायला लावली आणि पर्क सापडले. पर्क म्हणजे पर्क्लोरोएथिलीन, कपडे धुण्याचे द्रावण. ते पाण्यापेक्षा जड असते. फरशीच्या भेगांतून झिरपले की भूजलाच्या तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. सफाईचा अंदाज दुकानाच्या किमतीच्या कितीतरी पट. त्या बाई आम्हाला कॉफी देताना एवढेच विचारत होत्या की घर जाईल का.

घर गेले नाही. वकिलाने एक माणूस आणला. तिकडे ह्या धंद्याला ‘विम्याचे पुरातत्त्वज्ञ’ म्हणतात, आणि मला हे नाव फार आवडते. मूळ पॉलिसी कधीच फेकली गेली होती. ह्या गृहस्थाने जागामालकाच्या भाडेकराराच्या फाइलमधून विम्याचा दाखला काढला, हिशेबनिसाकडच्या चेकबुकांच्या स्थळप्रतींवरून पॉलिसीचे क्रमांक जुळवले. विमा कंपनी दोनदा दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली होती, तरी देणे तिच्यामागोमाग गेले होते.

हे का चालते, तर त्या काळच्या दायित्व विम्याच्या, म्हणजे आपल्यामुळे तिसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याच्या, भाषेमुळे. १९६६ पासून अमेरिकेतल्या प्रमाणित पॉलिसीत ‘अपघात’ ह्या शब्दाच्या जागी ‘घटना’ हा शब्द आला, म्हणजे हळूहळू झिरपून झालेले नुकसानही त्यात बसू लागले. नुकसान पॉलिसीच्या मुदतीत घडलेले असले की झाले. दावा चाळीस वर्षांनी आला तरी ती पॉलिसी जागी होते. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या, पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वसलेल्या लव्ह कॅनॉल वस्तीचा गाजावाजा झाला, १९८० साली ‘सुपरफंड’ कायदा आला आणि जुन्या प्रदूषणाचाही खर्च मालकांवर पडला. मग सगळे माळे आणि तळघरे उपसू लागले. १९८६ पासून विमा कंपन्यांनी प्रदूषण सरसकट वगळले, पण त्याआधी विकलेल्या पॉलिसी विकल्या त्या विकल्याच. सत्तरीत ‘अचानक आणि अपघाताने झालेल्या प्रदूषणाखेरीज’ बाकी वगळणारे कलम घातले गेले होते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, मॉर्टन कंपनीच्या खटल्यात, ते कंपन्यांना शब्दशः वापरू दिले नाही. कारण हे कलम मंजूर करून घेताना कंपन्यांनी सरकारी नियामकांना, हा फक्त खुलासा आहे, असे सांगितले होते.

ह्या वाटेचे गोडवे मी गाणार नाही. अमेरिकेतल्या रँड ह्या संशोधन संस्थेच्या १९९२ च्या अभ्यासात विमा कंपन्यांनी सुपरफंड प्रकरणांवर केलेल्या खर्चापैकी ८८ टक्के वाद-वकिलीत गेल्याचे दिसले. माती साफ करायला उरले बारा. आमच्या दुकानाचा दावाही पाच वर्षे चालला, आणि तेवढ्या काळात आम्ही आणखी तीन निरीक्षण-विहिरी खणल्या. तरी पैसा शेवटी आला, आणि तो त्या बाईंच्या घरातून आला नाही.

आता अंबरनाथ. इथे तसेच होईल असे मी म्हणत नाही. आपल्याकडे त्या काळात कारखानदार आगीचा आणि मालवाहतुकीचा विमा उतरवत, तिसऱ्याच्या नुकसानीचा क्वचित. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा भोपाळनंतर आला; त्याचा रोख अपघातग्रस्तांना तातडीची मदत देण्यावर आहे, मुरलेली माती उपसण्यावर नाही. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांबद्दल नियम काढले आहेत. जबाबदार कोण हे ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असे त्यात आहे. जबाबदार माणूस सापडेल. त्याच्याकडे पैसा सापडेल का? ठाणे-बेलापूर पट्ट्यातले किती रासायनिक कारखाने बंद झाले आणि तिथे काय उभे राहिले, हे मी लोकलच्या खिडकीतून रोज बघते.

म्हणून दोनच मागण्या. कारखान्याची जमीन निवासी करताना मातीच्या अहवालाबरोबर जुन्या विम्याच्या कागदांची यादीही मागावी. आणि १९७३ साली राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा कंपन्यांचे जे दप्तर चार सरकारी कंपन्यांकडे आले, त्यातले जे उरले असेल ते जपावे. मी एका कार्यालयात चौकशी केली. खिडकीवरच्या मुलाने नम्रपणे सांगितले, “मॅडम, एवढं जुनं आम्ही ठेवत नाही.”

काकांच्या गठ्ठ्यात अकरा पॉलिसी निघाल्या. दहा आगीच्या. अकरावी, १९७९ ची, तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची आहे. तिचे मागचे पान मात्र वाळवीने खाल्ले आहे, आणि अपवादांची कलमे नेमकी त्याच पानावर होती.

आपली,
एक निवृत्त भूजल-रसायनतज्ज्ञ,
नौपाडा, ठाणे