दुपारी दोन वाजता कुठे असाल?

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव असं जाहीर लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून नुसतं ताई. आपली ओळख तरी कितीशी? माझ्या मावशीच्या शेजारणीची भाची तोक्योत असते, एवढ्या धाग्यावर मी तुमच्या मागे लागले. दीड वर्षाची लेक, सहा वर्षांचा मुलगा, गुडघे धरलेले सासरे आणि आम्ही दोघं. आठ दिवस राहायचं कुठे?

खरं तर मी शिंजुकूत खोल्या घेऊनही टाकल्या होत्या. सगळीकडे जायला सोयीचं, एवढंच डोक्यात. तुमच्याकडे रात्रीचे अकरा, आमच्याकडे साडेसात. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना तुमचा फोन आला. हॉटेल कसं आहे ते तुम्ही विचारलंच नाहीत. म्हणालात, "दुपारी दोन वाजता पोर खांद्यावर झोपलेलं असेल, तेव्हा तुम्ही कुठे असाल? आणि तिथून घर किती लांब?"

शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर दरवाजे आहेत, त्यात बाबागाडीसाठी लिफ्ट शोधत बसावं लागेल, हे तुम्ही सांगितलंत. हॉटेल काबुकिचोला, म्हणजे बार-क्लबांच्या वस्तीला लागून होतं. तिथले दिवे एकदा बघायला ठीक, पण रोज रात्री मुलांना घेऊन त्यातून घरी यायचं? 'सेमी-डबल' पलंग १२० सेंटिमीटरचा असतो, हेही तेव्हाच कळलं. त्यावर मी दोघं आणि बाळ असा हिशेब धरला होता!

सासऱ्यांचा हट्ट निशी-कासाईचा, म्हणजे एदोगावा प्रभागातल्या भारतीय वस्तीचा. योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले, ती बातमी त्यांनी कापून ठेवली होती. मराठी माणूस जिथे निवडून येतो तिथे पोळी-भाजी मिळणारच, हे त्यांचं गणित. तुम्ही स्वतः तिथे राहता, तरी म्हणालात, "जेवायला या, राहायला नको. सकाळी तोझाई लाइनमध्ये बाबागाडी चढवणं म्हणजे विरार लोकलमध्ये चढवणं." सासऱ्यांनी तीस वर्षं वसईहून अप-डाऊन केलेलं. पुढे एक शब्द बोलले नाहीत.

मग तुम्ही मला नकाशात रस्त्यांचे फोटो बघायला शिकवलंत. इमारतींखाली मुलांची सीट लावलेल्या सायकली दिसतात का, भाजीपाल्याचं मोठं दुकान आहे का, कोपऱ्यावर घसरगुंडी आहे का. त्या सायकलींना 'मामाचारी' म्हणतात. तिथे मामा म्हणजे आई, हे लेकाला अजून पटलेलं नाही. त्याच्या लेखी त्या मामाच्याच.

अशा सायकली इनारीचोला सापडल्या. उएनोपासून गिंझा लाइनवर एकच स्टेशन. १९२७ साली जपानची पहिली भुयारी रेल्वे याच उएनो–आसाकुसा टप्प्यावर सुरू झाली. इतकी जुनी लाइन फार खोल नसते, म्हणून सासऱ्यांचे गुडघे निभावले. घर तातामीचं, म्हणजे जमिनीवर गवती चटया. फुटॉन म्हणजे आपली गादीच, त्यामुळे बाळ पडायची धास्ती नाही आणि चपला दाराशी काढायला कुणाला शिकवावं लागलं नाही.

सकाळी उएनोचं प्राणिसंग्रहालय (१८८२ पासूनचं, मुलांना तिकीट नाही) किंवा विज्ञान संग्रहालय, आणि दोनच्या आत घरी. लेक झोपायची, सासरे घोरायचे. मी आणि मुलगा मात्र बाहेर पडायचो, कारण जवळच गिंझा लाइनचा डेपो आहे आणि तिथे चक्क भुयारी रेल्वेचं फाटक! वीज तिसऱ्या रुळातून येते, म्हणून गाडी नसताना रुळांकडची बाजूही फाटकाने बंद. पिवळी गाडी रस्ता ओलांडून जाते आणि दोन्हीकडचे लोक निमूट थांबतात. त्याने तोक्यो टॉवरचा एकही फोटो शाळेत दाखवला नाही. फाटकाचे नऊ दाखवले.

एक चूक तुमचं न ऐकल्याची. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. आम्ही सोमवारीच गेलो. बंद दारासमोर सासरे म्हणाले, "ताईंना कळवू नकोस." आज कळवते आहे.

तुमच्याकडच्या पिठल्याची चव अजून जिभेवर आहे. गोडा मसाला संपत आला की निरोप धाडा, मावशी ऑक्टोबरात कुणासोबत तरी पाठवणार आहे.

आपली,
पुण्याची एक आई