वहिनी, पाच तारखेच्या सहा हजारांबद्दल आभार

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरात बसून तुम्हाला तोंडानं सांगता आलं असतं. पण मग तुम्ही "बरं बरं, कूकर उतरव आधी" म्हणून विषय मोडला असता. शिवाय मला ते चारचौघांत म्हणायचंय. मध्ये वास्तुशांतीला सगळे जमले होते, तेव्हा धाकटे काका म्हणाले, "कर्जात बुडालेल्या पोरीला आईबापानं सावरलं बघा." सावरलंच, त्यात खोटं काही नाही. पण तुम्ही तिथंच जिलेबीचं ताट घेऊन उभ्या होतात आणि कुणाच्या तोंडी तुमचं नाव आलं नाही. लग्न न झालेली बत्तीस वर्षांची मुलगी पुण्याहून मिरजेला आईबापांकडे राहायला येते, म्हणजे खरं तर ती भावजयीच्या संसारात राहायला येते. स्वयंपाकघर तुमचं, पाण्याच्या वेळा तुमच्या, तुमच्या थोरल्या मुलाचं यंदाचं दहावीचं वर्षही तुमच्याच डोक्यावर. आणि त्याचीच खोली मला मिळाली.

कर्ज कसं झालं ते इथं उगाळत नाही. आधीची कंपनी बंद पडली, मधले महिने बिनपगारी गेले, त्यातच पोटाचं ऑपरेशन झालं. असं हजारो लोकांचं होतं. नवी नोकरी लागली तोवर दोन कार्डांवर मिळून 2,60,000, बँकेचं वैयक्तिक कर्ज 4 लाख आणि एका ॲपचे 45,000 अंगावर होते. हातात पगार यायचा 48,000. पुण्यातलं भाडं, मेंटेनन्स, लाइट, डबा, जाणं-येणं मिळून 30,000 जायचे आणि हप्ते व्हायचे 29,000. वरचे 11,000 कुठून आणायचे? कार्डावरून.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला गच्चीवर नेलंत. आईनं "काही बोलू नको, जेव आधी" म्हटलं होतं, बाबा तर नजरच चुकवत होते. तुम्ही कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून रेघा मारल्या आणि म्हणालात, "आकडा सांग. पूर्ण. अर्धा सांगणार असशील तर नको सांगूस." पतसंस्थेच्या कर्ज खात्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईपुढं काय लपवणार? कुणाचे, मुद्दल किती, दर काय, तारीख कोणती असे रकाने पडले. मला वाटलं होतं की रडायला येईल. पण तुमचा आवाज काउंटरवरचा होता. मी तुमच्यासाठी त्या दिवशी बिचारी नणंद नव्हते, खातेदार होते. त्या आवाजाबद्दल पहिले आभार.

कार्डाचं गणित तुम्हीच मांडलंत. महिना 3.5 टक्के ऐकायला बारीक वाटतं. 2,60,000 वर व्याज 9,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,638, म्हणजे महिन्याला 10,738. मी 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, म्हणून साधारण 13,000 भरत होते, त्यातले मुद्दलात जेमतेम सव्वादोन हजार जायचे. वर थकबाकी असताना त्याच कार्डावर किराणा घेतला की त्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज, पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत वगैरे सगळं बंद. तुम्ही पेन खाली ठेवून हसलात आणि म्हणालात, "आमच्या ठेवीला दामदुप्पट व्हायला नऊ वर्षं लागतात गं. हे न भरता ठेवलंस तर वीस महिन्यांच्या आतच दुप्पट हुतंय. असली ठेव मला मिळती तर मी नोकरी कशाला केली असती?"

मग तुम्ही अटी घातल्यात. त्यातली पहिली ऐकून मी खरंच दचकले. "माझं सोनं मी देणार नाही, ते आत्ताच सांगते. मागू पण नकोस, आईंना मागायला पण लावू नकोस." वहिनी, या वाक्यानं माझ्या छातीवरचा केवढा दगड उतरला ते तुम्हाला माहीत नसेल. येताना गाडीत मला भीती होती ती नेमकी हीच, की कुणीतरी पाटल्या काढून पुढं ठेवेल आणि मग जन्मभर मला त्या हातांकडं बघता येणार नाही. नणंद-भावजयीच्या कुरबुरी भोंडल्यापासून ऐकत आलो आपण. त्यातल्या निम्म्या तरी न बोललेल्या अपेक्षांच्या असणार, असं मला आता वाटतं.

दुसरी अट बाबांच्या ठेवीची. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवले होते, दर 8.2 टक्के. ते मोडायला निघाले होते आणि नुसत्या आकड्यांनी बघितलं तर त्यांचंच बरोबर होतं. 8.2 टक्के मिळवणारा पैसा ठेवून 42 टक्क्यांचं कर्ज फेडत बसणं हा शहाणपणा कुठल्याच वहीत बसत नाही. हे तुम्हीही कबूल केलंत. तरी म्हणालात, "मोडायची नाही. तिमाहीला ते व्याज येतं त्यात आईंच्या गोळ्या येतात. आणि बँकेचं देणं संपतं कधीतरी, बापाचं देणं संपल्याचा दाखला कोण देणार?" दादा वैतागला होता. अजूनही तो म्हणतो की वर्षभर आधी सुटली असतीस. सुटले असते, त्याचा हिशेब बरोबर आहे. पण मी तुमच्या बाजूची आहे.

आणि तिसरी, दर महिन्याच्या पाच तारखेला सहा हजार. आईला ते फार लागलं होतं. "लेकीकडून खाण्याचे पैसे घ्यायचे?" म्हणून दोन दिवस तिचा अबोला होता, तुमच्याशी, माझ्याशी नव्हे. तो तुम्ही सोसलात. वाचणाऱ्याला आता वाटेल की ते पैसे तुम्ही गुपचूप साठवलेत आणि शेवटी माझ्या हातात पासबुक ठेवलंत. तसलं काही झालं नाही. ते गॅसला गेले, दुधाला गेले, मी रात्री दिवा लावून काम करायचे त्याच्या बिलाला गेले. खर्च झाले, आणि त्याबद्दलच मी आभारी आहे. ते सहा हजार होते म्हणून मी "मला आज पिठलं नको" असं म्हणू शकत होते. दुसरी पोळी मागताना ताटाकडं बघावं लागलं नाही. फुकट राहिले असते तर सहा महिन्यांत एक तर मी पळून गेले असते, नाहीतर इतकी गोड वागले असते की तुम्हालाच मला हाकलावं वाटलं असतं.

रस्ता तुमच्याच डोक्यातून निघाला. कार्डवाल्यांनी फोनवर तडजोड सांगितली होती, साठ टक्के भरा आणि विषय संपवा. मी जवळजवळ हो म्हणणार होते. तुम्ही म्हणालात, "त्यानं खातं बंद होत नाही, 'सेटल्ड' असा शेरा पडतो. उद्या घराला कर्ज मागायला गेलीस की मॅनेजर पहिला तोच बघणार." त्यापेक्षा थकबाकीचे हप्ते पाडून माग, असं सांगितलंत. मागितले, 18 टक्क्यांनी चोवीस महिने मिळाले. हप्ता किती आला? 13,000 ला वीस रुपये कमी, व्याजावरचा जीएसटी वर थोडा. म्हणजे जेवढे भरून मी जागच्या जागी उभी होते, तेवढेच भरून दोन वर्षांत शून्य. हे मला बँकेतल्या कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. त्यांनी का सांगावं म्हणा! पहिले तीन महिने वाचलेले सगळे ॲपच्या नरड्यात घातले, मग कार्ड, मग वैयक्तिक कर्ज. दोन्ही कार्डं दादाच्या कपाटात आणि किल्ली तुमच्या कमरेला.

वसुलीवाल्याचा फोनही आठवतोय. रात्री साडेआठला बाबांच्या मोबाइलवर आला, बाबांचा हात थरथरत होता. तुम्ही कणकेच्या हातानं फोन घेतलात. "हे बघा दादा, मीही वसुलीचीच आहे. रिझर्व्ह बँकेनं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असं 2022 मध्येच लिहून दिलंय. आणि कर्जदार सोडून घरच्यांना त्रास द्यायचा नाही, हे पण. तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा, मी लिहून घेते." पलीकडून फोन ठेवला गेला. तुम्ही परत कणीक मळायला लागलात. बाबा त्या रात्री नीट जेवले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तर मी पुण्यातल्या मैत्रिणींना रंगवून सांगते. "पोरगी आलीय व्हय? राहणार किती दिवस?" असं कुणीतरी विचारलंच. आई गप्प. तुम्ही तिळगुळाची वाटी पुढं करत म्हणालात, "भाडं वाचवायला आलीय. पुण्यात एका खोलीला काय घेतात ऐकलंय का काकू?" आणि आकडा सांगितलात. पुढचा अर्धा तास सगळ्याजणी पुण्याच्या भाड्यावर तुटून पडल्या. कुणाच्या भाच्याचं डिपॉझिट बुडालं होतं, कुणाच्या जावयाला पाण्याचा टँकर घ्यावा लागत होता. माझं कुणाला काही पडलंच नव्हतं.

सगळं सुरळीत होतं असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. पहाटे पाचला पाणी यायचं, मी रात्री एक वाजता परदेशातल्या लोकांशी बोलून झोपलेली असायचे, आणि मोटारीच्या आवाजावरून आपली दोनदा तरी चांगलीच जुंपली. तुमची बोलायची पद्धत अजूनही मला कधी कधी टोचते. तुम्हाला माझं दार लावून बसणं आवडत नाही. थोरला हॉलमध्ये अभ्यास करायचा, टीव्ही बंद असायचा, त्यावरून बाबांची कुरकुर वेगळीच. गणपतीत विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालली त्या दिवशी माझं एक ऑनलाइन ट्रेनिंग होतं. सगळ्या मिरजेत शांत जागा नव्हती म्हणून तुम्ही मला तुमच्या सांगलीच्या मैत्रिणीकडं वडापच्या जीपनं धाडलंत, वर डबाही बांधून दिलात.

भाऊबीजेचं मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. दादानं ओवाळणीत दोन हजार घातले. मी लगेच मनात ते कार्डाच्या हप्त्यात मिळवले, ते तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. मागं येऊन म्हणालात, "ते भरायचे नाहीत हं. ते तुझे." मग मला घेऊन लक्ष्मी मार्केटमध्ये गेलात. मी गडद निळं कापड घेतलं, तुम्ही घासाघीस केलीत. कर्ज फेडताना माणसानं स्वतःवर एक रुपया खर्च करू नये असं सांगणारे पुष्कळ भेटले. तसं करणाऱ्याचा धीर चौथ्या महिन्यात सुटतो, हे वसुलीच्या टेबलावर बसलेल्या माणसालाच ठाऊक असणार.

परवा वैयक्तिक कर्जाचा शेवटचा भरणा झाला. येऊन जवळजवळ दोन वर्षं होतील. तिन्हीकडची 'नो ड्यूज' पत्रं आली आहेत, झेरॉक्स तुमच्या निळ्या फाइलमध्ये लावल्या आहेत, मूळ माझ्याकडं. सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवाल दीड-दोन महिन्यांनी काढायचा आणि सगळी खाती 'क्लोज्ड' दिसतात का ते बघायचं, हेही लिहून ठेवलंय. एक कार्ड कायमचं बंद केलं. दुसऱ्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा, किल्ली तुमच्याकडंच आहे.

आई म्हणते आता कर्ज नाही तर पैसे कशाला देतेस. खोली मी मे अखेरीला रिकामी करतेय, अकरावीला तरी थोरल्याला त्याचं टेबल मिळू दे. तोवर पाच तारखेचे सहा हजार येतील. गॅस महागलाय, सात म्हणालात तरी चालेल. नको म्हणू नका. तशा तुम्ही म्हणणार नाहीच म्हणा.

तुमची नणंद