फॉरमॅट मारायची सवय मोडणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव टाकू नको असं तुम्ही आधीच बजावलंय म्हणून नुसतं दादा लिहितो, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. लॉकडाऊनला पुण्याहून घरी येऊन धाब्यावर (घराच्या छतावर) रेंज शोधत लॅपटॉप घेऊन बसणारे आपल्या यावल तालुक्यात कमी नव्हते, पण माझ्या दुकानात येऊन माझाच धंदा बुडवणारे तुम्ही एकटेच. हे फोनवर बोललो असतो, पण थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "बरं बरं, केळीला भाव काय चालू आहे" असं करून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतो आणि सगळ्यांसमोर टाकतो.

बाकीच्यांना सांगायचं तर माझं बस स्टँडजवळ कंप्युटर रिपेरिंगचं दुकान, सोबत झेरॉक्स आणि फॉर्म भरणं. २०२० पर्यंत माझ्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, फॉरमॅट, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकणं. मशीन हळू चालतंय, फॉरमॅट. आयकॉन गायब, फॉरमॅट. प्रिंटर चालत नाही, वायर न बघताच फॉरमॅट. तीनशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा, फोटो गेले तर जबाबदारी आमची नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःला मोठा डॉक्टर समजत होतो.

तुम्ही आलात ते चार्जरची पिन ढिली झाली म्हणून. मी सोल्डर मारत होतो आणि तुम्ही स्टुलावर बसून कोपऱ्यातला ढीग बघत होता, कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवाली सहा मशीनं, दोन दोन जीबी रॅम. विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेला, पुढचं विंडोज त्या मशीनांना झेपत नव्हतं आणि गावातल्या अभ्यासिकेला तर फुकटात कंप्युटर पाहिजे होते. तुम्ही म्हणालात लिनक्स टाक, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, आणि तीही एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवाली टाक. मी म्हटलं ते काळ्या स्क्रीनवालं आमच्या पोरांना कुठं जमणार. तुम्ही काही बोलला नाहीत, खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि वीस मिनिटांनी मशीनवर खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, घड्याळ, सगळं जागच्या जागी. मागून आमचे अण्णा म्हणाले, "काय बापा, हे तर आपलंच दिसून राहिलं."

पण हे पत्र इन्स्टॉल करून दिल्याबद्दल नाही. ते तर मीही शिकलो असतो कधीतरी. पत्र आहे त्या सकाळच्या फोनबद्दल.

अभ्यासिका सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. पोलीस भरतीची पोरं सकाळी सहाला येऊन बसायची, त्यातल्या एकाचा फोन आला की खालची पट्टीच नाहीये. जाऊन बघतो तर खरंच नाही. रीस्टार्ट केलं, तरी नाही. मी सवयीनं पेनड्राइव्ह काढला आणि निघायच्या आधी सहज तुम्हाला फोन लावला, की दादा पॅनल (ती खालची पट्टी) गेलाय, फॉरमॅट मारून घेतो. तुम्ही तिकडून एवढंच म्हणालात, "मोटर जळली म्हणून विहीर बुजवतो का रे तू?"

ते वाक्य डोक्यात बसलंय ते बसलंच. मग तुम्ही ऑल्ट एफ टू दाबायला लावलं, एक्सएफसीई-फोर-पॅनल असं टाइप करायला लावलं आणि पट्टी परत हजर. म्हणजे पट्टी हा वेगळा प्रोग्रॅम. खिडक्यांच्या चौकटी काढणारा एक्सएफडब्ल्यूएम वेगळा, मागचं चित्र आणि आयकॉन दाखवणारा एक्सएफडेस्कटॉप वेगळा, फाइली दाखवणारा थुनार वेगळा, आणि हे सगळे आपापले चालतात, एक पडला तर बाकीचे पडत नाहीत. मी इतकी वर्षं "डेस्कटॉप" ही एकच अखंड वस्तू समजत होतो. शेतात आम्हाला स्टार्टर, कपॅसिटर, मोटर, पाइप सगळं वेगवेगळं दिसतं आणि काय बिघडलं ते आवाजावरून कळतं, कंप्युटरमध्ये मात्र डोळे मिटून विहीरच बुजवायचो.

आणि रीस्टार्ट करूनही पॅनल का येत नव्हता, तेही तुम्ही सोडलं नाही. कोणीतरी लॉगआउट करताना "सेशन सेव्ह करा"ची खूण तशीच ठेवली होती, तेव्हा पॅनल आधीच पडलेला होता, म्हणून मशीननं पॅनल नसलेलीच अवस्था जपून ठेवली आणि रोज सकाळी इमानदारीनं तीच दाखवली. कॅशमधलं सेशनचं फोल्डर रिकामं केलं, खूण काढली, विषय संपला. पेनड्राइव्ह खिशातच राहिला.

त्यानंतर मला खाजच सुटली. सहा मशीनांची सहा रूपं करायची होती, टायपिंगच्या पोरींना मोठी अक्षरं, फॉर्मवाल्या मशीनवर फक्त ब्राउझर आणि स्कॅनर. सेटिंगच्या एक्सएमएल फाइली सापडल्या तेव्हा मला वाटलं खजिनाच लागला, एडिट केलं, सेव्ह केलं, लॉगआउट केलं, परत आलो तर जसंच्या तसं. तीन रात्री डोकं आपटलं दादा. तुम्हाला विचारलं तर तुम्ही हसलात, कारण तुमचंही तेच झालं होतं म्हणे. सेटिंग सांभाळणारा एक्सएफकॉन्फ-डी सगळं मेमरीत धरून बसतो आणि आपण खालून बदललेली फाइल तो स्वतःच्या प्रतीनं पुसून टाकतो. मग तुम्ही एक्सएफकॉन्फ-क्वेरी ही सेटिंग विचारायची-बदलायची कमांड दिली आणि तिचा डॅश एम, म्हणजे बदलांवर नजर ठेवायचा पर्याय. हा प्रकार ज्याला माहीत नाही त्यानं आजच करून बघा, एका बाजूला टर्मिनलमध्ये ती चालू ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला माऊसनं थीम बदलायची, नेमक्या कोणत्या नावाचं सेटिंग हललं ते तिथल्या तिथे दिसतं. ते नाव उचलून स्क्रिप्टमध्ये टाकलं की सहाही मशीनं दोन मिनिटांत तयार. माझं अर्धं शिक्षण त्या एका डॅश एमवर झालंय.

मग लाइटचं प्रकरण. शेतीची थ्री फेज आपल्याकडे पाळीपाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री, आणि अभ्यासिकेतली निम्मी पोरं रात्री उठून मोटरवर जाणारी. म्हटलं पॅनलवरच दिसू दे आज कुठली पाळी. तुम्ही जेनमॉन प्लगिन (पट्टीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) सांगितलं, आपण एक छोटी स्क्रिप्ट द्यायची, ती जे छापेल ते पट्टीवर दिसतं. मी जोशात दर सेकंदाला चालवली. तुम्ही विचारलं, पाळी दिवसातून किती वेळा बदलते? मी म्हटलं बदललीच तर एकदा. "मग बिचाऱ्या कोअर टू ड्युओला सेकंदासेकंदाला कशाला उठवतो?" दहा मिनिटं केली.

तिथं अजून एक गंमत झाली. पट्टीवर "आज रात्री लाइट" असं आलं आणि टायपिंग शिकणारी एक ताई म्हणाली, हा ल आपला नाहीये, हिंदीतला आहे. मी चष्मा पुसून बघितलं तर खरंच, उभ्या दांडीवाला ल. माझ्या आयुष्यात हा फरक मी कधी बघितला नव्हता. तुम्ही सांगितलं की चांगल्या देवनागरी फॉन्टात ल आणि श चे दोन्ही आकार असतात, फक्त मजकूर मराठी आहे हे त्याला सांगावं लागतं, स्क्रिप्टच्या छापील ओळीत भाषा एमआर (म्हणजे मराठी) अशी खूण टाकली आणि ल लगेच आपला झाला. वेलांट्यांची डोकी छाटली जात होती ती पट्टी चार पिक्सेल उंच केल्यावर थांबली. ताईनं मान डोलावली, आणि खरं सांगतो, त्या दिवशी तीनशे रुपयांच्या दहा फॉरमॅटांएवढा आनंद झाला.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःचं प्लगिन लिही असं तुम्ही म्हणालात तेव्हा मात्र मी दोन महिने तुमचा फोन टाळला, आता कबूल करतो. शेवटी एक्सएफसीईवाल्यांचंच सॅम्पल प्लगिन उतरवून घेतलं. पहिला आठवडा ते यादीतच दिसेना, कारण माझी फाइल यूएसआर-लोकल या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसली होती आणि पॅनल यूएसआरमध्ये शोधत होता. मग दिसलं, तर सेटिंग बदललं की मरायचं. मी पट्टीवरची अक्षरं दाखवणारं जुनं लेबल काढून नवं बनवायचो पण जुना टायमर जुन्याच लेबलला धरून बसलेला. तुम्ही कोड बघून म्हणालात, पाइप काढून नेला आणि मोटर चालूच ठेवली. पण तुम्ही ओळ बदलून दिली नाहीत. मला राग आला होता तेव्हा, रात्रीचे अकरा वाजलेले, ४५ डिग्रीचा दिवस गेलेला, भिंती अजून तापलेल्या. बदलून दिली असती तर तीस सेकंदांचं काम होतं. दीड तासानं मला सापडली.

आणि त्या दीड तासात प्लगिन वीस वेळा मेलं असेल पण पॅनल एकदाही मेला नाही, नुसता विचारायचा की हे प्लगिन अचानक निघून गेलं, परत चालू करू का. कारण बाहेरचं प्लगिन तो सहसा स्वतःच्या पोटात घेत नाही, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. परत तेच, मोटर आणि विहीर.

ऑलिव्हिए फूर्दाँ नावाच्या माणसानं १९९६ मध्ये एक्सएफसीई सुरू केलं असं तुम्ही सांगितलं होतं, आणि ४.१२ या आवृत्तीनंतर ४.१४ यायला २०१५ ते २०१९ एवढी वर्षं लागली हेही. तेव्हा मला ते आळशी वाटले होते. आता वाटतं बरंय, नाहीतर दर वर्षी पट्टी इकडची तिकडे झाली असती तर अण्णांना मी किती वेळा शिकवणार होतो. केडीई हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप दिसायला देखणा आहे हे मान्य, पण आमच्या दोन जीबीला हेच सोसतं.

धंद्याचं म्हणाल तर फॉरमॅटचे पैसे कमी झालेत, खोटं कशाला बोलू. काम मात्र वाढलंय. लोक आता "बिघडलंय काय ते बघ" म्हणून आणतात आणि बघायचे पैसे देतात, हे आपल्या गावात होईल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर हसलो असतो.

एक अडलंय, ते इथेच विचारून ठेवतो. डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँडचं (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीचं) काम आलंय पण एक्सएफडब्ल्यूएम अजून तिकडे गेलेला नाही म्हणतात, मग माझं लाइटवालं प्लगिन तिकडे दुसऱ्या विंडो मॅनेजरबरोबर चालवून बघू का आत्ताच नाद करू नको? रात्री नऊनंतर फोन करतो, केळीचा भाव आधीच सांगून टाकीन म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाकी थंडीत भरताची वांगी आली की या, कळण्याची भाकरी आईकडे लागली. आणि येताना तो चार्जर आणा, पिन परत हलते असं मागे म्हणत होता.

तुमचा,
बस स्टँडवाला