ताई, पासवर्ड बदलले

प्रिय ताई,

तुमचं खरं नाव मला आजही माहीत नाही. तुम्ही कधी सांगितलं नाहीत आणि सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात ते विचारायची रीत नाही. पहिल्याच रात्री आमच्यातलं कुणीतरी तुम्हाला ‘ताई’ म्हणालं आणि तेच नाव पडलं. खासगी निरोपात तुमचे दोन ओळींत आभार मानून झाले होते, पण माझं मन भरलं नाही. त्या जगातला आमचा छोटा रेडिओ जे ऐकतात त्यांनाही कळायला हवं, की तो आज चालू आहे तो कुणामुळे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

तो शनिवार मला जसाच्या तसा आठवतो. तिथल्या आमच्या चौकात पंचवीस-तीस अवतार, म्हणजे लोकांची पडद्यावरची रूपं, नाचत होते, मी निवेदनाला बसलो होतो आणि गाण्याच्या मधोमध आवाज गेला. अवतार मात्र नाचतच राहिले. नाचाचं ॲनिमेशन आपलं आपण चालतं, त्याला गाण्याची गरज नसते. त्या शांततेत हात वर करून गिरक्या घेणारी माणसं, आणि चॅटमध्ये एकामागून एक उमटणारा तोच प्रश्न: “माझ्याकडेच बंद आहे का?” जो तो आपल्याच कॉम्प्युटरला दोष देत होता. कुणी परत लॉगिन करून आलं, कुणी तसंच निघून गेलं. आम्ही ज्यांच्याकडून स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवरून आवाज पोहोचवायची सोय, भाड्याने घेतला होता त्यांनी न कळवता सर्व्हर बंद केला होता. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरलेले होते. पैशांपेक्षा मला लागलं ते हे, की एक ओळीचा निरोपसुद्धा आला नाही.

तुम्ही त्या रात्री फक्त ऐकायला आला होतात. सगळे “सर्व्हर कुठला होता?” विचारत असताना तुमचा प्रश्न वेगळा होता: “पत्ता कुणाच्या नावावर आहे?”

मला प्रश्नच कळला नाही. ज्यांना ही दुनिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सेकंड लाइफ २३ जून २००३ ला सुरू झालं. लिंडन लॅब या कंपनीने चालवलेल्या या जगात जमीन तुकड्यातुकड्यांनी लोकांच्या ताब्यात असते आणि प्रत्येक तुकड्याच्या सेटिंगमध्ये संगीताचा एक पत्ता भरता येतो. तुम्ही त्या जमिनीवर पाऊल टाकलंत, की तुमच्याच कॉम्प्युटरवरचा व्ह्यूअर (हे जग दाखवणारा प्रोग्राम) त्या पत्त्यावर जाऊन आवाज आणतो. लिंडन लॅबचे सर्व्हर त्या आवाजाला हातही लावत नाहीत. त्यामुळे चौकात तीस जण ऐकत असतील तर आमच्या सर्व्हरवर तीस वेगवेगळी कनेक्शन पडतात. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिटचा) स्ट्रीम म्हणजे माणशी सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला ५७.६ एमबी. तीस जणांनी तासभर ऐकलं तर पावणेदोन जीबीच्या आसपास. हा हिशेब तुम्ही मला पाटीवर लिहून दाखवलात तोवर मी फक्त “महिन्याचे किती?” एवढंच विचारत आलो होतो.

तर आमचा पत्ता स्ट्रीम भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीचा होता, आणि तो चाळीसेक जमिनींवर त्या त्या मालकाने हाताने भरलेला होता. कंपनी गेली, चाळीस ठिकाणं एका क्षणात मुकी झाली. तुम्ही आम्हाला आधी स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःच्या मालकीचं नाव, घ्यायला लावलंत. आता मागचा सर्व्हर बदलला तरी पोर्ट आणि माउंटचं नाव (पत्त्यात डोमेननंतर येणारे भाग) तेच ठेवलं, की ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मग जमिनीचा संगीत-पत्ता बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहून दिलीत. ती ज्या वस्तूत ठेवायची ती वस्तू जमिनीच्या मालकाचीच असावी लागते, आणि जमीन ग्रुपची असेल तर वस्तूही ग्रुपच्या नावे करून द्यावी लागते. हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. दोन संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर एकेका दारी आलात. मी घाईत होतो. तुम्ही प्रत्येकाच्या बागेत, दुकानात थांबून, त्याच्या हातूनच ते करून घेतलंत.

आणि ती वायर! आइसकास्ट या स्ट्रीम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा नवा सर्व्हर उभा राहिल्यावर तुम्ही राखीव माउंट लावलात, म्हणजे निवेदकाचं कनेक्शन तुटलं तर ऐकणारे आपोआप साठवलेल्या गाण्यांवर सरकतात आणि तो परतला की पुन्हा त्याच्याकडे येतात. मला वाटलं काम झालं. तुम्ही म्हणालात, “बोलता बोलता नेटची वायर काढा.” माझा हात धजेना. काढली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि फोनवर लॉगिन करून तुमची ओळ वाचली: “काही जणांचं तुटलं.” राखीव गाण्यांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते माप) मुख्य स्ट्रीमपेक्षा वेगळा होता, त्यामुळे बदल होताना काही प्लेअर अडखळत होते. ती सगळी गाणी आपण एकाच मापात पुन्हा बनवली. मग परत वायर काढली, परत लावली, परत काढली. चौथ्यांदा तुम्ही लिहिलंत, “आता कुणालाच कळलं नाही.” त्या चार शब्दांनी मला जितका आनंद झाला तितका कुठल्याही कौतुकाने झालेला नाही.

चालू गाण्याचं नाव दाखवणाऱ्या चौकातल्या फलकावर देवनागरीतली नावं कचऱ्यासारखी दिसायची. आम्ही हार मानून रोमन लिपीत लिहू लागलो होतो. एमपी३ स्ट्रीमबरोबर येणारा मजकूर वेगळं काही सांगितलं नसेल तर आइसकास्ट लॅटिन-१ या देवनागरी नसलेल्या अक्षरसंचातला समजतो, हे तुम्ही शोधलंत आणि कॉन्फिगमध्ये देवनागरीही सामावणाऱ्या यूटीएफ-८ची एक ओळ घातलीत. काम एका ओळीचं होतं, पण आपली अक्षरं नीट उमटलेली पाहून त्या दिवशी फलकासमोर गर्दी झाली होती.

तुम्ही तंत्र शिकवलंत त्याहून जास्त मी तुमच्याकडून निवेदन शिकलो. चॅट क्षणात पोहोचतं, आवाज मात्र आधी थोडा साठवून मग वाजतो (त्याला बफर म्हणतात), म्हणून वीस-तीस सेकंद मागून येतो. मी प्रश्न विचारायचो, उत्तर आलं नाही की घाबरून बडबडत सुटायचो. तुम्ही सांगितलंत, प्रश्न विचारा आणि गाणं लावा. आमच्या एक नेहमीच्या श्रोत्या आहेत. आजारपणामुळे त्यांना टाइप करायला फार वेळ लागतो. एकदा त्यांना फर्माईश विचारून मी पुढे जाणार, इतक्यात तुमचा निरोप आला: “थांबा, त्यांचे हात हलताहेत.” आपण टाइप करत असलो की इथे अवतारही हवेत बोटं चालवतो. मी खिडकीतून पाहिलं, खरंच त्यांचे हात चालू होते. मी एक अख्खं गाणं थांबलो. गाणं संपता संपता त्यांची ओळ आली. दोन वर्षं त्या रोज येत होत्या आणि मी त्यांच्या उत्तराआधीच दर वेळी पुढे निघून जात होतो. याबद्दल मी त्यांचीही माफी मागितली.

२००६ च्या मे महिन्यात बीबीसी रेडिओ १ ने सेकंड लाइफमध्ये बेट भाड्याने घेऊन स्कॉटलंडमधल्या डंडीतला आपला संगीत महोत्सव तिथे ऐकवला होता. तेव्हा तर इथे बोलायची सोयही नव्हती, आवाजी गप्पा २००७ मध्ये आल्या. तोवर सगळे टाइप करायचे आणि माणसाचा आवाज ऐकू यायचा तो बहुधा अशा स्ट्रीममधूनच. मोठ्या स्टेशनचं येणं बातमीचं असतं. पण रोज ठरलेल्या वेळी एखाद्याला नावानिशी “आलात का?” विचारणं हे आमच्यासारख्या लहान रेडिओचंच काम आहे, आणि मला ते मोठं काम वाटतं.

दोन बाबतींत तुम्ही आमच्याशी भांडलात, त्याबद्दल वेगळे आभार. ऐकणारा प्रत्येक जण थेट आमच्या सर्व्हरला जोडला जातो, म्हणजे त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, आमच्या नोंदीत येतो. आमच्यातल्या एकाला त्यावरून कोण कुठून ऐकतं याचा नकाशा करायचा होता. तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात. इथे लोक आपली ओळख मागे ठेवून येतात, ती आपण गोळा करायची नाही. नोंदी त्याच दिवशी बंद झाल्या. दुसरं भांडण गाण्यांच्या हक्कांचं. मला वाटायचं, आभासी जगात कोण विचारतं? पण सर्व्हर खऱ्या देशात असतो आणि गाणं खऱ्या माणसाचं असतं, हे तुमचं म्हणणं. क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे निर्मात्यानेच अटींवर वापरायला खुली केलेली, गाणीसुद्धा तुम्ही एकेक तपासलीत. ज्यांवर व्यावसायिक वापराला मनाई होती ती टिप-जार (श्रोत्यांनी बक्षिशी टाकायची बरणी) ठेवलेल्या कार्यक्रमांतून काढून टाकलीत. तेव्हा मी चिडलो होतो. आज आमच्या प्रत्येक गाण्यापुढे परवान्याची नोंद आहे आणि मी निर्धास्त झोपतो.

मग एका संध्याकाळी तुम्ही मला एक नोटकार्ड, म्हणजे इथली मजकुराची चिठ्ठी, दिलंत. सर्व्हर परत कसा उभारायचा, डोमेनचं नूतनीकरण कधी, ग्रीनिचवर नव्हे तर पॅसिफिक वेळेवर चालणारं इथलं घड्याळ वर्षातून दोनदा तासभर सरकतं तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत काय बदलायचं, सगळं पायरीपायरीने लिहिलेलं. शेवटची ओळ होती: “सगळे पासवर्ड बदला. मला नवे कळवू नका.” मला वाईट वाटलं. तुम्ही चालल्यात, असं वाटलं. तुम्ही गेला नाहीत, अधूनमधून मागच्या बाकावर दिसता. पण त्यानंतर दोनदा सर्व्हर बदलावा लागला आणि दोन्ही वेळा ते काम नोटकार्ड समोर ठेवून आम्ही केलं, तुम्हाला न उठवता. दुसऱ्या वेळी ते मी केलंही नाही. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलीने केलं.

ताई, पासवर्ड बदललेत. तुम्ही सांगितलंत तसे, तुम्हाला न कळवता. फक्त शनिवारचा शेवटचा तास मी कुणालाच दिलेला नाही. कधी बोलावंसं वाटलं, एखादं गाणं लावावंसं वाटलं, तर निरोप टाका. त्या तासापुरता पासवर्ड मी पाठवतो.

तुमचा,
शनिवारचा निवेदक